भरल्या ताटावरनं

मी मूळची निपाणीची. तंबाखूच्या गावात वाढलेल्या माणसाला शिंक आली की शिंकायचं आणि मनात आलं की बोलायचं एवढंच ठाऊक असतं. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा आईनं बजावलं होतं, "जरा जीभ आवरून ऱ्हा गं बाई." मी आवरली. लग्नाची पंगत उठेपर्यंत आवरली.

सध्या आम्ही राहतो ते लेआऊट, म्हणजे प्लॉट पाडून केलेली कॉलनी, बेळगावच्या पार कडेला आहे. परवापरवापर्यंत तिथं भात लावायचे, आता घरं लावलीत. सगळी नवी, सगळ्यांना उंच लोखंडी गेट आणि सगळी गेटं बंद. त्यामुळं शेजारी कोण राहतं ते माणसांवरनं कळायचं न्हाय, वस्तूंवरनं कळायचं. पांढऱ्या गाडीवाले, बोअरवाले, भुंकणाऱ्या कुत्र्याचे, रोज अंगण धुऊन रस्त्यावर तळं करणारे. आम्हाला काय म्हणत होते देव जाणे. बहुतेक 'त्या बोलणाऱ्या बाईचं घर' म्हणत असावेत.

तर शेजाऱ्यांची ओळख व्हावी म्हणून अध्यक्षांनी स्नेहमेळावा काढला. अध्यक्ष म्हणजे आमच्या लेआऊटच्या संघाचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडलं ते अजून कुणाला ठाऊक न्हाय. बेंगळूरला मोठ्या ऑफिसात होते, रिटायर होऊन इकडं आले ते अध्यक्ष होऊनच आले. घरचे मराठी, पण कन्नड बोलतात ते बेंगळूरचं, इस्त्री केलेलं. भाषण दोन्ही भाषांत करतात आणि दोन्हींत काही सांगत न्हाईत. खुर्च्या मांडायची वेळ झाली की त्यांना फोन येतो. फोन कानाला लावून ते थेट कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जातात. जेवणाच्या भांड्यांची झाकणं उघडली की फोन संपतो, आणि पहिलं ताट त्यांचं. दरवर्षी असंच.

पहिल्या मेळाव्याला बोर्डावर कन्नड वर की मराठी वर यावर इतकी चर्चा झाली की मेळावाच पुढं ढकलावा लागला. शेवटी इंग्रजीत 'गेट टुगेदर' छापलं. स्पेलिंग चुकलं होतं, पण दोन्ही बाजूंचं सारखंच चुकलं म्हणून कुणी तक्रार केली न्हाय. मग ओळखीचा कार्यक्रम. एकेकानं माईकसमोर उभं राहायचं, प्लॉट केवढा ते सांगायचं, पोरगा कुठल्या देशात ते सांगायचं आणि टाळ्या घेऊन बसायचं. मेळावा संपल्यावर शेजारणीचा पोरगा कॅनडात काय खातो ते मला ठाऊक होतं. शेजारीण कोण ते विचारायचं राहिलं होतं.

अशा या आमच्या परिवारात (व्हॉट्सॲपच्या ग्रुपचं नावच ते आहे, आपला परिवार) माझ्या सासूबाई आल्या. मी त्यांना आत्ती म्हणते. आत्ती जांबोटीच्या पलीकडच्या रानातल्या. सासरे गेल्यावर एकट्याच राहायच्या. भात, नाचणी, दोन गाई आणि घराला घर लागून न्हाय. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरला आणि पडल्या. वाटेनं जाणाऱ्या कुणीतरी हाक ऐकली म्हणून बरं, न्हायतर तिथंच पडून होत्या. डॉक्टर म्हणाले, आता एकटं ठेवायचं न्हाय. माझ्या नवऱ्यानं गाई चुलतभावाकडं दिल्या आणि तो आईला घेऊन आला.

दारात पाऊल ठेवतानाच त्यांनी सांगून टाकलं, "बघतो चार दीस. करमलं तर ऱ्हातो, न्हाय तर जातो." आमच्या भागातल्या बायका असंच म्हणतात, जातो, येतो, जेवतो. पुण्याच्या माझ्या नणंदेला याचं हसू येतं. येऊ दे.

मला त्या राहायला हव्या होत्या. जनाची लाज म्हणून न्हाय, खरंच हव्या होत्या. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा ऑफिसातनं आला की टीव्हीशी बोलतो. त्या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस आलं होतं, वर 'मग काय झालं?' असं विचारणारं. असं माणूस मी परत रानात पाठवीन होय? आणि पुन्हा तो गोठा, पुन्हा तो पाऊस.

पण आत्तींना करमत नव्हतं. त्यांचं दुखणं एकच, हाताला काम न्हाय. भांड्याला बाई, कपड्याला मशीन, वाटायला मिक्सर. त्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहायच्या, "मी काय करू?" मी म्हणायची, "काय न्हाय आत्ती, बसा. जन्मभर केलंसा की." मग त्या पायरीवर जाऊन बसायच्या आणि हात पालथे-उताणे करून बघायच्या. फुकटचं त्यांना पचतच न्हाय. आता कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, तर जांबोटीहून येताना कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घेतले न्हाईत म्हणून त्यांनी त्याच्या हातात घरची काकडी ठेवली. तो नको म्हणाला. त्यांनी सीटवरनं उठून त्याच्या पिशवीत घातली.

त्यांच्या गावाची रीत अशी. गावजेवण असलं की घरटी तांदूळ आणि घरटी एक बाई. कुणी निवडायचं, कुणी वाटायचं, कुणी पाणी आणायचं. कशालाच हात न लावता जो पानावर येऊन बसतो त्याला तिथं एक शब्द आहे: आयता. "आला बघ आयता" म्हटलं की माणूस खाली मान घालून जेवतो आणि पुढच्या वेळी पहाटे लाकडं फोडायला हजर होतो. त्या गावात याहून वाईट शिवी न्हाय, असं आत्ती सांगतात. आहेत, मी ऐकल्यात, पण त्यांच्या लेखी ही सगळ्यात वाईट.

यंदाच्या मेळाव्याला मी त्यांना आग्रहानं नेलं. "चला, चार ओळखी होतील, करमंल." त्यांनी विचारलं, "काय काय निवडायचं हाय?" म्हटलं, काही न्हाय, केटरिंगवाला आहे. त्यांनी मान हलवली. तिथं पोचल्यावर बघते तर आत्तींच्या मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत घरातली विळी! "आसूं दे," म्हणाल्या, "आयत्या येळंला कोन मागितलं तर?"

ओळखीचा कार्यक्रम झाला. मग ज्येष्ठांची संगीत खुर्ची. माईक अध्यक्षांकडं. गाणं थांबलं की ते ओरडायचे, "बसा बसा!" गाणं सुरू झालं की "उठा उठा! आज्जी, उठा!" आत्तींना वाटलं कामाला बोलावतात. त्या विळी घेऊन उठल्या. खुर्ची गेली, त्या बाद झाल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा लई हसू आलं होतं.

मग जेवण. बुफेच होता, पण म्हाताऱ्या माणसांना खुर्चीवर बसवून हातात ताटं दिली. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि बेळगावचा म्हणून गोडाला कुंदा. आत्तींच्या शेजारच्या खुर्चीवर होत्या म्हैसूरच्या अज्जी. या आमच्या अगदी भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. मुलाची बदली झाली म्हणून म्हैसूरहून इकडं आलेल्या. मराठीचं अक्षर येत न्हाय. आणि त्यांचं कन्नड असं मऊ, की इथल्या खणखणीत कन्नडवाल्या बायकांनाही ते पुस्तकातलं वाटायचं. मराठीवाल्या म्हणायच्या, त्यांच्याशी काय बोलायचं? कन्नडवाल्याही तेच म्हणायच्या. या एका बाबतीत आमच्या लेआऊटमध्ये दोन्ही भाषांचं एकमत होतं.

मी पुरीच्या रांगेत उभी होते. लांबून एवढंच दिसलं की अज्जी आत्तींकडं वाकल्या, छान हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. आत्तींचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी घास परत ताटात ठेवला. ताट हळूच खुर्चीखाली सरकवलं, विळीची पिशवी घेतली आणि उठून चालू लागल्या. भरल्या ताटावरनं उठल्या! आमच्याकडं मेलेल्याच्या घरातसुद्धा कुणी असं उठत न्हाय.

मी पुरी टाकून मागनं पळाले. घरी येऊन बघते तर पायरीवर बसलेल्या, तोंड एवढंसं.

"काय झालं, आत्ती?"

"काय न्हाय."

"काय न्हाय कसं? ताटावरनं उठलासा की!"

मग म्हणाल्या, "ती तुजी शेजारीन, म्हैसूरची. मला उठवली. आयती बसून खातीस म्हनाली."

"काय?"

"आनि हासून म्हनाली वर." त्यांना राग आला नव्हता, तेच लई वाईट होतं. "खरंच हाय की तिचं. मी काय केलंतं तितं? काय निवडलं? काय वाटलं? घरात बी तेच. मी जातो गं पोरी. पोराला सुट्टी घावली की मला बसमधी बसवून द्या."

माझं टाळकं सरकलं. जिच्याशी कुणी बोलत न्हाय ती बाई माझ्या सासूला आयती म्हणते? मी तशीच समोरच्या वहिनींकडं गेले आणि सगळं ओकले. इथं एक सांगायला हवं. समोरच्या वहिनी वडगावच्या, मागावर साड्या विणणाऱ्या घरातल्या. पॉवरलूमच्या खटखटाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलताच येत न्हाय. "कुणाला सांगू नका हं," असं मी म्हटलं आणि "छे गं, मी कशाला सांगतोय?" असं त्या म्हणाल्या, ते चार गेटांपलीकडं ऐकू गेलं.

संध्याकाळपर्यंत आपला परिवार पेटला. इतकी वर्षं त्या ग्रुपवर सकाळी गुलाब आणि रात्री समई, याशिवाय काही येत नव्हतं. आता कुणीतरी लिहिलं, 'आमच्या म्हाताऱ्या माणसांना ताटावरून उठवतात.' त्याला कन्नडमधनं उत्तर आलं. त्या उत्तराला मराठीतनं प्रत्युत्तर. आमच्या सीमाभागात दोन माणसं भांडली की लोक आधी भाषा विचारतात आणि कारण नंतर, तेही वेळ उरला तर. बोअरवाल्यांनी ग्रुप सोडला. कुत्र्यावाल्यांनी नवा काढला. मला दोन्हीकडनं 'ताई, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत' असे मेसेज आले, आणि पाठीशी म्हणजे कुठं ते कुणी सांगितलं न्हाय.

एवढ्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला न्हाय, माझ्याही न्हाय. त्या अज्जींना मराठी येत न्हाय हे अख्ख्या लेआऊटला पाठ होतं. मग त्यांनी मराठीतनं अपमान केला कसा? पण भांडायला लागलेल्या माणसाला हिशेब कुठला सुचतोय?

आणि इकडं अज्जींचं चालूच होतं. आत्ती पायरीवर बसल्या की कंपाऊंडच्या भिंतीवरनं पांढरं डोकं वर यायचं, तोंडभर हसू, आणि काहीतरी बोलायच्या. मी आतनं पळत येईपर्यंत आत्ती उठून आत आलेल्या असायच्या. "काय म्हणाली?" "तेच." सकाळी उठवलं, दुपारी उठवलं, तुळशीला पाणी घालताना उठवलं. आत्तींनी मग पायरी सोडली. मागं धुण्याच्या दगडावर, उन्हात, जाऊन बसायला लागल्या. जेवणही तुटलं. अर्धी भाकरी खायच्या आणि पाणी पिऊन उठायच्या. "पोट भरलं," म्हणायच्या. कशानं भरलं? एके दिवशी कॉटखाली बघितलं तर कापडी पिशवी भरून तयार. दोन लुगडी, औषधाची डबी आणि पेपरात गुंडाळलेली विळी. मी तिथंच फरशीवर बसून रडले.

अध्यक्षांनी सौहार्द सभा बोलावली. सभेत पहिला विषय चहा की कॉफी. तो संपता संपेना. मग दोन्ही भाषांत ठराव झाला की ज्येष्ठ नागरिकांना जेवताना उठवू नये. एकमतानं झाला. टाळ्या झाल्या. आत्तींना कुणी बोलावलं नव्हतं, अज्जींनाही न्हाय. अध्यक्षांनी ठरावाचा फोटो ग्रुपवर टाकला, मग दुसऱ्या ग्रुपवर टाकला.

तेव्हा मी ठरवलं, बास झालं, आता निपाणी. पदर खोचला आणि शेजारचं गेट ढकललं. भांडण कन्नडमधनं करायचं म्हणून वाटेतच दोन-चार कडक शब्द जुळवून ठेवले होते. बेल वाजवली. दार अज्जींनीच उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की या लेआऊटमध्ये आल्यापासून त्यांच्या दारात कुणी आलंच नसावं. दोन्ही हातांनी माझा हात धरून त्या म्हणाल्या, "बाम्मा, बा! ऊटा आयता?"

मी ते शब्द मनातल्या मनात परत म्हणून बघितले.

ऊटा म्हणजे जेवण. आयता म्हणजे झालं का. जेवण झालं का, एवढंच. आमच्या बेळगावच्या कन्नडमध्ये हेच "ऊटा आतेन्री?" असं विचारतात, आणि ते आमच्या कानाला सवयीचं. म्हैसूरकडं त्याचं मऊ होऊन "ऊटा आयता?" होतं. आणि तिकडं ते जेवणासाठी विचारतच न्हाईत. आपण जसं 'काय, बरं हाय न्हवं?' म्हणतो, तसं ते भेटेल त्याला, भेटेल तेव्हा म्हणायचं. समोरच्यानं "आयतु" म्हणायचं, म्हणजे 'झालं'. तेवढं म्हटलं की दोघं आपापल्या वाटेला. आत्तींनी रानात जन्म काढला, कन्नडचा शब्द कानावर न्हाय. त्यांना ऐकू काय आलं? "उठा! आयता?"

मी अज्जींच्या उंबऱ्यावरच बसले. हसू यायला लागलं, मग त्यातच रडू. अज्जी घाबरून पाणी घेऊन आल्या. पाठीवरनं हात फिरवत त्यांनी मला कन्नडमधनं विचारलं, "तुझ्या अत्ते नीट जेवत न्हाईत का गं? लई वाळल्यात. मी विचारलं की लगेच उठून आत जातात. मला वाटतं, राहिलं असेल, आठवण केली म्हणून जेवायला गेल्या. म्हणून तर मी रोज विचारते."

घ्या! ही बाई त्यांना जेवायला घालत होती आणि त्या हिच्या धाकानं उपाशी राहत होत्या.

मी पळत घरी. आत्तींना सगळं सांगितलं, हातवारे करून, दोनदा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू लई चांगली हाईस गं. मला ठिवून घ्यायला कायबी सांगशील."

"अवो आत्ती, देवाशप्पथ!"

"जेवान झालं का, हे कोन दिसातनं धा येळा इचारतंय? तेबी तुळशीला पानी घालताना?"

नवऱ्यानं सांगून बघितलं. "बायकोची री वडतोस," म्हणाल्या. वडगावच्या वहिनींनी सांगितलं, ते तर सगळ्या गल्लीनं ऐकलं, पण आत्ती हलल्या न्हाईत. शहाण्या लेकीसुनांनी घर राखायला खोटं बोलायचं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतः तसं कितीदा केलेलं. तेव्हा आता उद्याची सकाळची बस, हे ठरलं.

सकाळी नवरा गाडी बाहेर काढत होता. आत्ती पिशवी घेऊन गेटपाशी उभ्या. मी म्हटलं, "आत्ती, मला तुमी पायजे. काम पायजे तर करा. भांडी घासा, दळान दळा, मी मिक्सर विकतो. पन जाऊ नका." त्यांनी माझ्या गालावरनं हात फिरवला.

तेवढ्यात आमच्या रस्त्यावरची मोकाट गाय आली. रोज येते, गेटागेटावर तोंड लावते. शेजारचं गेट उघडलं आणि अज्जी केळीच्या साली घेऊन बाहेर आल्या. गाईला साली भरवल्या, तिच्या गळ्याखालनं हात फिरवला, आणि मान वाकडी करून लाडानं विचारलं, "ऊटा आयता?"

आत्तींनी मान वळवली. "त्या गाईला काय म्हनाली गं ती?"

"तेच, आत्ती."

"तेच? मला म्हनाली तेच?"

"तेच."

त्या गाईकडं बघत राहिल्या, मग अज्जींकडं, मग परत गाईकडं. जन्म गोठ्यात गेलेला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटताना मला दिसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "उभ्या गाईला कोन उठा म्हनंल?" आणि थोड्या वेळानं, जरा रागानंच, "आनि गाईला आयती कोन म्हनंल गं? दूध देतीया ती."

पिशवी त्यांनी खाली ठेवली. तेवढ्यात अज्जींनी त्यांना बघितलं. हसू पसरलं, मान वाकडी झाली, "ऊटा आयता?" आला. आणि इतके दिवस तो शब्द ऐकून उठणारी माझी सासू शेजारच्या पायरीवर जाऊन चक्क बसली.

"न्हाय गं आक्का," त्या म्हणाल्या, "त्या दिसापास्नं पोटभर जेवलो न्हाय." आणि डोळ्याला पदर लावला.

अज्जींना त्यातला 'आक्का' कळला, आणि मान हलवली ती कळली. त्या लगबगीनं आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. नाचणीच्या पिठाचा वाफाळता गोळा आणि वर सार. आत्तींनी बोटानं दाबून बघितलं. "नाचणी हाय की ही!" म्हणाल्या. पण ताट बाजूला ठेवलं. आधी पिशवीतनं पेपरात गुंडाळलेली विळी काढली आणि अज्जींना खुणेनं विचारलं, भाजी कुठं हाय? अज्जींनी पालेभाजीची जुडी आणून दिली. आत्तींनी ती सगळी निवडली, चिरली, देठ गाईला घातले, हात धुतले आणि मग जेवायला बसल्या. नवरा गाडी चालू ठेवून गेटपाशी उभाच. मी त्याला सांगितलं, "बंद कर ती. पेट्रोल जाळतोयस."

त्यानंतर त्या दोघी रोज बसतात. आत्ती मराठीतनं गाईंची दुखणी सांगतात, अज्जी कन्नडमधनं त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न कसं मोडलं ते सांगतात. आमच्या लेआऊटमधल्या बाकी सगळ्यांना दोन्ही भाषा येतात, आणि आम्ही एकमेकांशी बोलतो ते 'गाडी जरा पुढं घ्या' एवढंच.

पुढच्या मेळाव्याला आत्तींनी केटरिंगवाल्याला कोशिंबीर करूच दिली न्हाय. मांडवात चटई टाकून दोघी म्हाताऱ्या बसल्या, एकीकडं विळी, दुसरीकडं खोवणी. बघता बघता वडगावच्या वहिनी येऊन बसल्या, मग कुत्र्यावाल्यांची सून, मग बोअरवाल्यांची आई. काकड्या चिरता चिरता मला पहिल्यांदा कळलं की बोअरवाल्यांच्या आईचं माहेर आमच्या निपाणीचं, आमच्याच गल्लीच्या मागचं. इतकी वर्षं मी त्यांना बोअर म्हणून ओळखत होते.

अध्यक्षांना खुर्च्या मांडताना फोन आला होता. भांड्यांची झाकणं उघडली तसा तो संपला. पहिलं ताट त्यांनी घेतलं, पुऱ्या घेतल्या, कुंदा दोनदा घेतला आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसले. आत्ती विळी खाली ठेवून उठल्या. पदराला हात पुसत सावकाश त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि अगदी अज्जींसारखी मान वाकडी करून, गोड हसून विचारलं, "ऊटा आयता?"

अध्यक्ष खूश झाले. म्हातारीला कन्नड आलं म्हणून त्यांनी मान डोलावली, आणि भरल्या तोंडानं, त्यांच्या त्या इस्त्रीच्या कन्नडमध्ये म्हणाले, "आयतु, आयतु!"

आत्ती माझ्याकडं वळल्या.

"बघ गं पोरी," त्या म्हणाल्या, "कबूल झाला."